दोन कागद, एक चूल

"सकस आहार घ्यावा" हे वाक्य मी गेली वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्याचा खरा अर्थ मात्र मला गेल्या पावसाळ्यात, माझ्याच घरी कळला.

बीड येथील एका प्रयोगशाळेतून आम्हा पतिपत्नींच्या रक्ततपासणीचे दोन कागद आले. माझ्या कागदावर मागील दोनतीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा 6.2 होता. 6.5 पासून मधुमेह मानतात; म्हणजे मी उंबरठ्याशी येऊन ठेपलो होतो. पत्नीचे हिमोग्लोबिन 9 निघाले. प्रौढ स्त्रीच्या दर डेसिलिटर रक्तात ते निदान 12 ग्रॅम असावे. एकाच चुलीवरचे अन्न; मग एकास अधिक आणि दुसऱ्यास उणे, हे कसे?

डॉक्टरांनी तिला विचारले, "बाई, आपण जेवता केव्हा?"

"सर्वांचे झाल्यावर."

"तेव्हा भाजी उरते का?"

ती नुसती हसली. मी मान खाली घातली. पाण्याची घागर उचलताना तिला लागणारी धाप मी कित्येकदा आळसात जमा केली होती.

त्या रात्री मला डॉ. ल्यूसी विल्स यांची हकीकत आठवली. या इंग्लिश विदुषी 1928 साली भारतात आल्या व मुंबईच्या गिरण्यांतील गरोदर कामकरी स्त्रियांच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. त्यांनी रक्ताबरोबर ताटाचाही विचार केला, आणि यीस्टच्या अर्काने हा रोग हटतो असे 1931 साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. पालेभाज्यांत व डाळींत ते असते. तात्पर्य, पंडुरोग दिसावयास एक, परंतु त्याची कारणे अनेक. कोणाच्या रक्तात लोह उणे, कोणाच्या फोलिक ॲसिड, तर कोणाच्या बी-12. अंदाजाने उपाय करू नये. आधी रक्तास विचारावे.

पत्नीच्या शरीरात लोहाचा साठा कमी होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आहार हा गोळ्यांचा सोबती, पर्याय नव्हे, असेही बजावले. बाजरीची भाकरी व मेथी आमच्या घरी नित्याचीच. आता त्यांवर लिंबू पिळतो, कारण आंबट रसाने अन्नातील लोह अंगी लागते. आणि जेवणालगतचा चहा बंद केला, कारण तो त्यास अडवितो. माझा चहा बिनसाखरेचा झाला, भात अर्ध्यावर आला, आणि सायंकाळी बिंदुसरेकडे पायी फेरी सुरू झाली.

परंतु सर्वांत मोठा पालट असा की, आता आम्ही सर्व एका पंगतीस बसतो व पहिली भाजी तिच्या ताटात पडते. चार महिन्यांनी तिचा आकडा 11.4 झाला, माझा 5.9.

बालमित्रहो, आपल्या जिल्ह्यातील कित्येक माता भल्या पहाटे उसाच्या फडात उतरतात, आणि घरी येऊन सर्वांच्या मागून जेवतात. रक्ताची तपासणी डॉक्टर करतील. पण आज घरी गेल्यावर, आई केव्हा जेवते आणि तिच्या ताटात काय उरते, एवढे मात्र तुम्हीच पाहा.