ओसरीवरील इंग्रजी

अमळनेरास आमच्या ओसरीवर संध्याकाळीं चार-पांच मुलें इंग्रजीचें पुस्तक घेऊन बसतात. महाराष्ट्रांतील मराठी शाळांत सन २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेंत सुरू झाली. तत्पूर्वीं ती पांचवींत सुरू होई. परंतु खानदेशांत पुष्कळ घरीं अहिराणी बोलतात. त्या मुलांस पुस्तकी मराठीहि शाळेंतच शिकावी लागते. इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा होय. नोकरींत असतांना आम्हीं हें ध्यानीं घेतलें नाहीं, त्याची ही कबुली.

एकदां वर्गांत 'मला भूक लागली' ह्याचें इंग्रजी आम्हीं विचारलें. मागच्या बांकावरील एका शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणाला, 'टू मी हंगर केम.' वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीहि हंसलों. त्या वर्षांत तो मुलगा पुन्हां आपण होऊन उभा राहिला नाहीं.

त्याची चूक अडाणीपणाची नव्हती. घरीं तो 'माले भूक लागनी' म्हणे. त्या 'माले'ची चतुर्थी त्यानें इमानानें 'टू मी' अशी उतरविली होती. मराठींत व अहिराणींत भूक ही कर्ता, आणि माणूस चतुर्थींत. इंग्रजींत माणूसच कर्ता होऊन 'आय ॲम हंग्री' म्हणतो. हें फळ्यावर दोन मिनिटांत दाखवितां आलें असतें. विभक्त्या शिकविण्यांत उमर घालविलेल्या आम्हांस ती चतुर्थी ओळखूं येऊं नये, ह्याचें शल्य अजून आहे.

आतां आमचा क्रम असा: वाक्याचा अर्थ मुलानें आधीं घरच्या भाषेंत सांगावा, मग मराठींत, मग इंग्रजींत. चुकल्यास 'असें कां वाटलें?' म्हणून विचारावें, हंसूं नये.

साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत येथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते, व छात्रालयांतील मुलांची देखभालहि करीत. शाळेची घंटा झाली म्हणजे शिक्षकाचें काम संपत नाहीं, हें ह्या गांवास निराळें सांगावयास नको. वाचकांनीं शेजारच्या एखाद्या मुलासाठीं रोज अर्धा तास काढावा. उत्तम इंग्रजी येत नसली तरी चालेल. ऐकून घेतां आलें पाहिजे.

परवां एक लहान मुलगी धांवत आली व म्हणाली, 'टू मी थर्स्ट केम.' आम्हीं तिला आधीं पाणी दिलें, आणि मग चतुर्थी समजाविली.