तार सप्तकातला गंधार

पेटीतले तार सप्तकातले सूर आता मी लावत नाही. मंद्र आणि मध्य माझ्या हाताखाली, वरचे माझ्याकडे शिकणाऱ्या पोराकडे. सा आणि न जुळलेला गंधार एकत्र धरले की त्यांच्या अंशस्वरांत लाटा उठतात. त्या ऐकतच मी जन्मभर सूर घासले. तार सप्तकात त्या लाटा इतक्या उंच जातात की म्हाताऱ्या कानाला तिथे काहीच लागत नाही.

पोरगा मोबाइलवरचा सूर दाखवणारा काटा समोर ठेवून घासतो. "काका, काटा मधात आला ना जी." आला, अगदी बरोबर आला. पण तो काटा ज्या गंधारावर थांबतो, तो आपल्या गाण्याचा गंधार नव्हे.

पांढरी एकला सा धरा. नेहमीच्या पेटीचा पंचम त्याच्याशी सेकंदाला जेमतेम एक लाट देतो; गंधार दहाएक देतो. तानपुऱ्याच्या खरजातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा तो १४ सेंटनं चढा असतो. युरोपनं हा चढा गंधार समजून उमजून पत्करलं. तिकडे सोळाव्या शतकात गंधार निर्मळ राखायला पंचम किंचित उतरवत, आणि मग शेवटचा एक पंचम ऐकवत नसे. बाखनं १७२२ साली बाराही सुरांना षड्ज मानून, मेजर-मायनर मिळून, २४ प्रिल्यूड आणि फ्यूग लिहिले. त्याचं वाद्य नेमकं कसं लावलेलं होतं यावर जाणकार भांडतात, पण बाराही पट्ट्या गोड वाजायला हव्यात ही त्याची गरज खरी होती. पुढे सोनाटात तर पट्टी सोडून जाणं आणि परत येणं हाच रचनेचा कणा झाला. ज्याला इतकं फिरायचंय, त्यानं गंधार थोडा चढा सोसला तर मला पटतं. आपलं गाणं एका षड्जावर ठाण मांडून बसतं. त्यानं का सोसावं?

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी हाच प्रश्न धरला होता. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीनं त्यांनी श्रुतींची पेटी घडवली. ती चालली नाही. रेडिओनं तर १९४० साली पेटीलाच दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. त्या बंदीचा मला राग आहे, पण पेटीचे सूर आपल्या गाण्याचे नाहीत, या तिच्यामागच्या तक्रारीचा नाही.

गंधार उतरवणं अवघड नाही. अडतं ते धैवतापाशी. गंधाराशी जुळवला तर तो रिषभाशी भांडतो, रिषभाशी जुळवला तर २२ सेंट चढतो. पहिला भूपाचा, दुसरा देशकाराचा. पेटीत जागा एकच. सूर उतरवताना पितळी पट्टीच्या मुळाशी हात जरा जास्त पडला की तो चढवायला टोकाकडे यावं लागतं, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. रात्री अंथरुणात पडल्यावरही हा धैवत डोक्यातून जात नाही. त्यात गिऱ्हाईक म्हणतं, स्केलचेंजर द्या. म्हणजे षड्जच हलणार, आणि एका षड्जासाठी लावलेलं सगळं निसटणार. एका दुपारी पेटी लावून देणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही, आणि त्यांच्याकडे गर्दी आहे. यवतमाळच्या आसपास भजनाला आता कीबोर्डच दिसतो. त्याला तर घासायलाही काही नाही.

दारव्ह्याकडचे एक बुवा मात्र मी लावलेल्या पेटीवर गंधार धरून थांबतात. मी मुद्दाम मांडवात पुढे बसतो. त्या क्षणी त्यांनी माझ्याकडे पाहावं, लोकांनी विचारावं, पेटी कुणी लावली, हे मला फार हवं असतं. वय झालं तरी ती हाव कमी झाली नाही.

पोराला मी आता गंधारासाठी मोबाइलवर मधल्या खुणेच्या १४ सेंट खाली थांबायला शिकवलंय. त्याचा हात चांगला आहे. मधल्या सप्तकातला गंधार तो डोळे मिटून ऐकू लागलाय. वरचा त्याला माझ्यापेक्षा नीट ऐकू येतो, याचं मला वाईटही वाटतं. परवा त्यानं विचारलं, धैवत कुठं ठेवू? म्हटलं, बाबू, भूपाचा ठेव. देशकार गाणारा आला तर तिथे पेटी सोडून गळ्यानं चढ म्हणावं.