कोंड्याचे मोल

आरम नदीच्या काठी वसलेले सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य गाव. तेथे यशवंतराव महाराजांचे मंदिर आहे. हे महाराज म्हणजे कोणी पुराणातील देव नव्हेत. यशवंत महादेव भोसेकर हे एके काळी येथील मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात प्रजा अन्नान्न करू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना खुला करून लोकांना जगविले. म्हणून लोक त्यांना 'देव मामलेदार' म्हणू लागले. दरवर्षी मार्गशीर्षात त्यांची मोठी यात्रा भरते.

त्या यात्रेत हिंडताना माझ्या मनात एक विचार हटकून येतो. त्या काळी माणसे अन्नाच्या अभावी मरत होती. आज दुकाने खाद्यपदार्थांनी ओसंडून वाहत आहेत, आणि तरीही खाण्यामुळेच माणसे रोगी होत आहेत! मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे तीन पाहुणे घरोघरी मुक्कामाला आले आहेत. एकदा आले की ते सहसा परत जात नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत.

आमच्या घरी हा पाहुणा तात्यांकडे आला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. उमेदीच्या काळात ते बाजरीची भाकरी, हुलग्यांचे पिठले आणि मूठभर मेथी खाऊन दिवसभर कांद्याच्या वाफ्यांत राबत. पुढे डाळिंबाने हात दिला. घरात सुबत्ता आली, आणि भाकरी मागच्या दाराने बाहेर पडली. तिच्या जागी पाव, बिस्किटे, शेव आणि दिवसातून सहा वेळा गोड चहा आला. कष्टाची कामे यंत्रांकडे गेली. "भाकरी हे गरिबाचे खाणे," असे तात्या मोठ्या अभिमानाने म्हणत. साठीच्या सुमारास त्यांच्या पायाला ठेच लागली. जखम महिना उलटला तरी भरेना. रक्त तपासले, तेव्हा साखर किती वाढली आहे ते कळले. अखेर पायाचा अंगठा काढावा लागला. ज्या बांधावरून ते वाऱ्यासारखे चालत, तो उतरताना त्यांना कोणाचा तरी हात धरावा लागू लागला.

असे का व्हावे? त्याचे उत्तर धान्याच्या दाण्यात सापडते. दाण्याचे तीन भाग असतात : वरचा कोंडा, आतला पिठूळ गर आणि एका टोकाचा इवलासा अंकुर. भाकरीचे पीठ सगळा दाणा दळून होते. मैदा करताना मात्र कोंडा आणि अंकुर काढून टाकतात व केवळ गर ठेवतात. त्या गराची पोटात झटपट साखर बनते आणि ती रक्तात एकदम लोटते. ती आवरण्यासाठी स्वादुपिंडाला इन्सुलिन नावाचा रस भराभर पाझरावा लागतो. वर्षानुवर्षे असे चालले, त्यात वजन वाढले आणि हालचाल मंदावली, की शरीर त्या रसाला दाद देईनासे होते. कोंड्यातील, डाळींतील आणि भाज्यांतील चोथा साखरेला हळूहळू रक्तात जाऊ देतो. तो पोट साफ ठेवतो आणि रक्तातील घातक चरबी कमी करण्यासही हातभार लावतो.

डेनिस बर्किट नावाचे एक शल्यवैद्य आफ्रिकेतील युगांडा देशात अनेक वर्षे काम करीत होते. इंग्लंडात घरोघर आढळणारे कित्येक रोग तेथील खेड्यांत क्वचितच दिसतात, हे त्यांच्या ध्यानी आले. खेडुतांच्या जाड्याभरड्या अन्नातील चोथ्याचे महत्त्व त्यांनी जगाला पटवून दिले. आपल्याकडे गरिबीत निभावून नेण्याला 'कोंड्याचा मांडा करणे' म्हणतात. त्या कोंड्याचे खरे मोल कळण्यास इतका काळ लागला!

परंतु केवळ शाकाहारी म्हणवून घेतल्याने भागत नाही. साखर, मैदा आणि वनस्पती तूप हीदेखील वनस्पतींचीच लेकरे आहेत. शिवाय वनस्पतींत 'ब-१२' हे जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी दूध, दही किंवा अंडी हवीत, अथवा वैद्याच्या सल्ल्याने गोळी घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे जन्मतः अधिक सुदृढ होती, असे त्यांना आढळले. मिठाचेही भान हवे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही थोडे कमी, मीठ खाण्यास सांगते. लोणचे, पापड आणि फरसाण यांतून ती मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि रक्तदाब वाढतो.

भाकरी हे काही औषध नव्हे. तीही बेतानेच खावी. आनुवंशिकतेमुळेही हे रोग होतात, आणि ते जडल्यास वैद्याचे उपचार घेतलेच पाहिजेत. तात्याही औषधे घेत. पण पुढे त्यांच्या ताटात भाकरी, डाळ आणि पालेभाजी पुन्हा दिसू लागली. गेलेला अंगठा परत आला नाही. दुसरा पाय मात्र शाबूत राहिला.

आमच्या बागलाणातील डाळिंबे आणि द्राक्षे दूरदूरच्या बाजारांत जातात. ती खुडणाऱ्या शेतकऱ्याचे मूल मात्र मधल्या सुट्टीत तळलेल्या वेफर्सचे पाकीट फोडताना दिसते. त्या मुलाच्या हाती त्याच्याच मळ्यातले एक डाळिंब आणि डब्यात एक भाकरी असावी, असे मला फार वाटते. दुष्काळात लोकांना जगविण्यासाठी मामलेदारांना खजिना उघडावा लागला. आपल्याला आपल्याच घरातली बाजरीची कणगी उघडायची आहे.