पीआरआयचा हिरवा दिवा

पीआरआय म्हणजे टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन; ती एक घेतली की एकाच वेळी तीस जणांचे बोलणे व्हायचे. तारेत कप्पे बत्तीस : तीस आवाजाचे, एक सिग्नलिंगचा, एक ताळमेळाचा. २००५-०६च्या सुमारास पुण्यात छोटी-छोटी कॉल सेंटरे निघत होती, तेव्हा ही तार लाइनमन स्वतः आणून द्यायचा. मोडेममधून ती सर्व्हरच्या पाठीमागच्या कार्डात खोचायची आणि कार्डावरच्या दिव्याकडे बघत उभे राहायचे. लाल होता तो हिरवा झाला की लाइनमन म्हणायचा, "झालं साहेब, तुमची लाइन उठली." मग कोणीतरी मोबाइलवरून नंबर लावायचा आणि पहिली रिंग वाजेपर्यंत सगळे गप्प.

त्या दिवसांची मला ओढ वाटते. अख्खे एक्स्चेंज हाताच्या अंतरावर होते. मोठ्या कंपन्यांच्या ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या एक्स्चेंजची, किंमत ऐकून छोटा धंदेवाला परत फिरायचा. अमेरिकेत मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्यापुढेही तीच अडचण होती. लिनक्सची सेवा देणारी छोटी कंपनी काढली, पण फोनची यंत्रणा परवडेना, म्हणून १९९९मध्ये त्याने ती स्वतःच लिहून काढली आणि सगळ्यांना खुली केली. ते अ‍ॅस्टेरिस्क. साधा संगणक, लिनक्स, एक कार्ड आणि अ‍ॅस्टेरिस्क एवढ्यावर फोनची यंत्रणा बसवून देणाऱ्या आमच्यासारख्यांनी घरे चालवली. त्या माणसाचे ऋण माझ्यावर आहे.

कार्ड बसवणे मात्र सोपे नव्हते. ही कार्डे प्रोसेसरला सेकंदाला हजार वेळा हाक मारत. दर हाकेला एक मिलिसेकंदाचा आवाज द्यायचा आणि घ्यायचा. ही हाक, म्हणजे इंटरप्ट, ज्या आयआरक्यू नंबरवरून जाई, तोच नंबर नेटवर्क कार्डाला किंवा डिस्कलाही मिळालेला असला की संपलेच. रेकॉर्डिंगची मोठी फाइल डिस्कवर उतरू लागली की तिकडे ग्राहकाच्या कानात टिक-टिक, खर्र. चाळीत पलीकडच्या खोलीत मिक्सर लागला की आपला रेडिओ खरखरतो, तशी गत. उपाय स्क्रू-ड्रायव्हरचा : मशीन बंद करा, झाकण उघडा, कार्ड एका स्लॉटमधून काढून दुसऱ्यात दाबा, चालू करून इंटरप्टची यादी बघा. कार्डाचा नंबर यादीत एकटा दिसेपर्यंत हेच. एकटा दिसला की आवाज असा स्वच्छ यायचा की पलीकडच्या माणसाने श्वास घेतलेला कळावा.

वीज, एसी, बॅटऱ्या यांचे हाल सांगत बसत नाही. पुण्यात गुरुवारी वीज जायची, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ठाऊक आहे.

आज नाशिकच्या एखाद्या दवाखान्याला फोनची व्यवस्था हवी असेल तर घरी बसल्या क्लाउडवर मशीन घेता येते. अ‍ॅमेझॉनने ही भाड्याची यंत्रे २००६मध्ये सुरू केली, पण आपल्या कामाला ती खऱ्या अर्थाने लागली २०१६पासून, मुंबईत त्यांची डेटा सेंटरे आल्यावर. त्याआधी जवळचे ठिकाण सिंगापूर. पुण्यातल्या पुण्यात बोलायचे तरी आवाज समुद्र ओलांडून जाऊन-येऊन. आता कार्ड नाही, लाइनमन नाही. एसआयपी ट्रंकचा, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या फोन लाइनचा, युजरनेम-पासवर्ड ईमेलवर येतो आणि रिसेप्शनवरचा फोन वाजू लागतो. वाजतो, पण उचलला तर कधी कधी दोन्हीकडे शांतता असते. कारण ठरलेले : क्लाउडमधल्या मशीनला स्वतःचा फक्त आतला पत्ता माहीत असतो, तोच ते समोरच्याला कळवते आणि आवाजाची पाकिटे वाट चुकतात. बाहेरचा पत्ता सेटिंगमध्ये एका ओळीत लिहिला की बोलणे सुरू. या सोयीला मी नावे ठेवणार नाही. मार्च २०२०मध्ये सगळे घरी बसले आणि दूरसंचार विभागाने कॉल सेंटरांना घरून काम करण्यासाठी अटी शिथिल केल्या, तेव्हा ज्यांचे फोन क्लाउडवर होते त्यांची माणसे लॅपटॉप आणि हेडफोनवर लगेच कामाला लागली. ज्यांचे सगळे बंद ऑफिसातल्या रॅकमध्ये होते, त्यांनी कुलपे उघडायला पोलिसांचे पास मिळवले.

तरीही आवाजाचा स्वभाव बदललेला नाही. दर वीस मिलिसेकंदांना एक पाकीट, सेकंदाला पन्नास, दोन्ही बाजूंनी. वेबपेज अर्धा सेकंद उशिरा उघडले तर कोणाला कळतही नाही; शब्दाचा तुकडा तेवढा उशिरा आला तर तो टाकूनच द्यावा लागतो. आणि क्लाउडमध्ये एकाच लोखंडी मशीनवर कितीतरी भाडेकरू असतात. लिनक्सच्या टॉप कमांडमध्ये प्रोसेसरच्या ओळीत शेवटी 'एसटी' असा आकडा दिसतो : आपल्याला हवा असताना दुसऱ्याकडे गेलेला प्रोसेसरचा वेळ. तो शून्यावरून वर सरकू लागला की ग्राहकाचा फोन येतो, "अहो, आवाज तुटतोय." पूर्वी भांडण आपल्याच डब्यातल्या डिस्कशी होते, झाकण उघडून सोडवता येत होते. आता ज्याच्यामुळे त्रास होतो तो कोण, कुठला, काय चालवतो, काहीच कळत नाही. मशीन बंद करून चालू करायचे आणि ते दुसऱ्या लोखंडावर उठेल अशी आशा धरायची, नाहीतर जास्त पैसे मोजायचे.

म्हणून दहा एक्स्टेन्शनच्या दवाखान्याला किंवा शाळेला मी क्लाउडच सांगतो. त्यांनी रॅक, एसी आणि बॅटऱ्या का सांभाळाव्यात? पण जिथे शंभर-दीडशे जण दिवसभर बोलतात, तिथे आवाजासाठी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये स्वतंत्र सर्व्हर घ्यायला लावतो. रेकॉर्डिंग, अहवाल, बिलिंग खुशाल क्लाउडवर जाऊ दे, त्यांना वाट बघता येते. हिशेबनीस दर वेळी विचारतात की रात्री ही मशीन रिकामी असतात, तरी पूर्ण भाडे का? मी त्यांना दुपारी बारा वाजता फ्लोअरवर घेऊन जातो, एक हेडफोन त्यांच्या कानाला लावतो आणि सगळे जण लाइनवर असताना ग्राहकाचे बोलणे ऐकायला सांगतो.