सव्वा तासाचे शेजारी

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, तेव्हापासून पावसाने, संपांनी, दंगलींनी आणि बाँबस्फोटांनी मुंबईच्या गाड्या अनेकवार अडविल्या. परंतु अडलेली गाडी दोन दिवसांत पुन्हा धावू लागते, हा अनुभव लोकांच्या अंगवळणी इतका पडला होता की, 22 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून उपनगरी वाहतूक तहकूब करण्याचा हुकूम सुटला तेव्हा मुदत सरताच सारे पूर्ववत होईल, असेच बहुतेकांनी गृहीत धरले. ज्या 1897 च्या साथरोग कायद्यान्वये राज्यात निर्बंधांचा अंमल सुरू झाला, त्या कायद्याचा जन्मही याच शहरातल्या प्लेगच्या काळातला. मात्र त्या साथीत भ्यालेली मुंबई आगगाडीत बसून गावोगाव निघून गेली होती, आणि या साथीत विरार, कसारा, कर्जत, पनवेल अशा दूरदूरच्या टोकांपासून रोज सुमारे पाऊण कोटी माणसांची ने-आण करणारी गाडीच निश्चल झाली.

गाडी बंद झाल्याने शरीराला विसावा मिळाला, हे नाकारता येणार नाही. या लोहमार्गांवर 2019 साली अडीच हजारांहून अधिक जीव गेले आणि पुढल्या वर्षी तो आकडा निम्म्याहून खाली आला. दारातल्या दांड्याला लोंबकळणाऱ्या मुलाची आई त्या वर्षी निदान एका चिंतेतून मुक्त होती. आणि तरीही, घरी बसून काम करणारी माणसे काही महिन्यांतच का कोमेजू लागली, याचा विचार करताना मला वाटते, की घर आणि कचेरी यांच्या मधोमध असलेला, ज्यावर साहेबाचा वा सासूचा, मुलांचा वा फायलींचा कोणाचाच हक्क पोचत नव्हता, असा सव्वा तास त्यांच्या दिवसातून नाहीसा झाला होता. कचेरीत साचलेला संताप पूर्वी मुंब्र्याची खाडी येईपर्यंत निवळत असे; आता त्याला निवळायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याएवढेच अंतर उरले.

त्या सव्वा तासात केवढा संसार मांडलेला असे! बायकांच्या डब्यात मेथी निवडली जाई, डोहाळजेवणे होत, संक्रांतीला हळदीकुंकवाची करंडी फिरे. पुरुषांच्या डब्यात झांजा निघत आणि भजनी मंडळाचा गजर दादरपर्यंत पोचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूची तोरणे बांधून गाडीची पूजा होई. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेल्या माणसाला कोठल्या स्थानकापासून नीट बसायला मिळायचे, याचाही एक अलिखित शिरस्ता होता. काही गटांनी एकमेकांचे भ्रमणध्वनी क्रमांक घेऊन ठेवले होते खरे. पण बहुतेक ओळखी पत्त्यावाचूनच्या, अनेकदा आडनावावाचूनच्या असत. बदलापूरच्या मावशी, दिव्याच्या काकू, खिडकीजवळचे टपाल खात्यातले काका: माणूस जेथे चढे, जेथे बसे, तेच त्याचे नाव, आणि एवढ्या नावावर वर्षानुवर्षांचा स्नेह जुळलेला.

15 जून 2020 पासून अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी गाड्या सुरू झाल्या. इतरांतल्या ज्यांना कामावर जाणे भागच होते, ते एस. टी.च्या रांगांत उभे राहून तासन्‌तास महामार्गावरच्या कोंडीत अडकू लागले. ऑक्टोबरात स्त्रियांना ठराविक वेळी मुभा मिळाली, 1 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वांना, तीही वेळेच्या अटीवर. एप्रिलमध्ये ती पुन्हा काढून घेतली गेली. अखेर लशीची दुसरी मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांसाठी 15 ऑगस्ट 2021 पासून दारे उघडली, आणि प्रमाणपत्रावर शिक्का उमटवून, नवा पास घेऊन माणसे आपापल्या जुन्या डब्यात जाऊन उभी राहिली.

मग विचारपूस सुरू झाली. दिव्याच्या काकूंचे कोणाला काही कळले का? काका निवृत्त झाले, गावी गेले, की आणखी काही? पुष्कळ प्रश्नांना उत्तर देणारे कोणी नव्हते, कारण घरच्या माणसांना या शेजाऱ्यांची नावे ठाऊक नव्हती आणि शेजाऱ्यांना घर ठाऊक नव्हते. जिच्या डोहाळजेवणाला सगळ्यांनी एकेक पदार्थ करून आणला, ती गेल्याची वार्ता वर्षभराने, तीही आडवाटेने कानी यावी आणि रडायला हक्काचे दार नसावे, हे दुःख मला या साथीच्या इतर कोणत्याही दुःखाहून कमी प्रतीचे वाटत नाही. एका डब्यातल्या बायकांनी त्यानंतर प्रत्येकीचा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा क्रमांक वहीत उतरवून घेतला, ती वही दर महिन्याला आळीपाळीने एकीच्या पर्समध्ये असते, आणि नवी कोणी डब्यात रुळली की आधी तिच्याकडे पेन दिले जाते.