डोकं चालतंय म्हणजे काय चालतंय

बंगळुरात एचएसआर लेआउटमध्ये राहून ध्यानाचा तिटकारा येणं अजिबात कठीण नाही. सत्ताविसाव्या मेनवर एकेका इमारतीत खाली कॉफी, मध्ये स्टार्टअप आणि वर गच्चीत ‘माइंडफुलनेस’ अशी मांडणी असते. आमच्या ऑफिसातही दर बुधवारी दुपारी एका मीटिंग रूमचे दिवे मंद होतात, कुणीतरी फार मऊ आवाजात श्वास घ्यायला सांगतं, आणि मंडळी बाहेर येईतो रिलीजची तारीख अलीकडे आल्याची मेल येऊन पडलेली असते. बरीच वर्षं मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. हल्ली टाकते. असं काय झालं म्हणून विचारणाऱ्यांत माझा नवराही आहे, तेव्हा एकदा लिहूनच काढावं म्हटलं.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. बाकीचे लोक एखादी गोष्ट चालावी म्हणून झटतात, मी ती कुठे मोडेल ते शोधते. नावाच्या रकान्यात कुणी फोन नंबर टाकला तर? खात्यातून पैसे कापले गेले आणि त्याच क्षणी नेट गेलं तर? या ‘तर’चा मला पगार मिळतो. ध्यान म्हणजे विचार बंद करणं, अशी माझी पक्की समजूत होती, आणि विचार बंद म्हणजे माझं दुकानच बंद.

दुसरं कारण घरचं. किर्लोस्करवाडीला आमच्याकडे दिवेलागणीला आजी मनाचे श्लोक म्हणायला बसवायची. मनाला समजावायचं, चुचकारायचं, धाक घालायचा, असा तो सगळा मामला मला तेव्हा वाटे. दम दिल्याने मन गप्प बसत नाही, हे मला फार लहानपणी कळलं होतं. आता वाटतं की समर्थांना तेवढं नक्कीच ठाऊक असणार. नाहीतर त्याच मनाशी दोनशेवर श्लोक बोलत बसले नसते. पण हे आत्ताचं.

तिसरं कारण मात्र अजून जसंच्या तसं आहे. पहाटे आगरा तळ्याच्या काठाने मनःशांतीसाठी चालणाऱ्या आम्ही, आणि आमच्या घरी भांडी-पोळ्यांना यायला त्याच वेळी झपाझप निघालेल्या बायका. शांततेला मोकळा वेळ लागतो आणि मोकळा वेळ कुणाकडून तरी येतो. ध्यानाच्या जाहिरातीत ही दुसरी बाई कधी दिसत नाही.

मग माझी झोप उडाली. कामाचा ‘तर’ ऑफिसात थांबेना. पहाटे तीनला जाग यायची आणि डोकं आपलं सुरू. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. ‘काहीतरी शांत करा’ म्हणाले. मला ते वाक्य आवडलं नाही.

याच दिवसांत मॉरिस फ्रिडमन भेटले, म्हणजे पुस्तकात. त्यांच्याकडे मी ध्यानासाठी वळले नव्हते. पोलंडचा हा इंजिनिअर 1930च्या दशकात म्हैसूर संस्थानाचा इथला विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना चालवायला बंगळुरात आला. पुढे ते गांधीजींच्या जवळ गेले, आणि औंधच्या राजांनी राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवायचं ठरवलं तेव्हा 1939च्या त्या राज्यघटनेच्या खटपटीतही होते. आमची किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात. म्हणजे हा माणूस माझ्या दोन्ही गावांचा निघाला, आणि निव्वळ कौतुकापोटी मी त्यांचा माग काढत गेले. उतारवयात ते मुंबईत खेतवाडीच्या एका माळ्यावर जाऊन बसू लागले. घर एका विडीच्या दुकानदाराचं: मारुती कांबळी, म्हणजे निसर्गदत्त महाराज. महाराज मराठीत बोलत, फ्रिडमन ते इंग्रजीत नेत. त्यातून 1973 साली ‘आय अ‍ॅम दॅट’ निघालं.

हे पुस्तक मी खोट काढायच्या तयारीने वाचायला घेतलं, सवयच ती. निम्मं डोक्यावरून गेलं. पण ‘विचार बंद करा’ हा हुकूम जिथे सापडेल असं वाटत होतं, तिथे तो सापडेना. विचार येतात तर येऊ देत, ते येत आहेत हे ज्याला कळतं तिकडे बघ, या एकाच मुद्द्याकडे महाराज फिरून फिरून येतात. बघण्यात माझं नुकसान काहीच नव्हतं. बघणं हा तर माझा धंदा.

तुमकूर रोडला आलूरजवळ धम्म पफुल्ल हे विपश्यना केंद्र आहे. तिथलं दहा दिवसांचं शिबिर मी केलं. फोन नाही, पुस्तक नाही, पेन नाही, बोलणं नाही. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, आणि नवख्यांना संध्याकाळी चहा-फळं. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, एवढंच. पुढे तेच लक्ष सगळ्या अंगावरून फिरवायचं.

आता खरं सांगते. माझ्या डोक्यात फार बारीक, फार गुंतागुंतीचं काही चालत असतं, असा माझा समज होता. निघालं काय? भाचीच्या लग्नात जावेला जे सुनवायचं राहिलं, ते. मॅनेजर ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला त्याचा अर्थ. लहानपणच्या एका साबणाच्या जाहिरातीचं गाणं, कडव्यासकट. परत जाऊबाई. प्रत्येक खेपेला तेच वाक्य, तोच तिचा जबाब, आणि दर वेळी मीच जिंकत होते. यातल्या एकाही विचाराचा मला कुणी पगार दिला नसता.

टेस्टिंगमध्ये आम्ही लॉग बघतो. सिस्टीम आत काय काय करत होती याची त्यात ओळीने नोंद पडलेली असते. लॉग वाचताना काही दुरुस्त करायचं नसतं. आधी नुसतं वाचायचं. दुसऱ्यांच्या सिस्टीमचे ढीगभर लॉग वाचणारी मी, स्वतःचा कधी उघडलाच नव्हता. त्यात दिसलं ते हे, की मी ज्याला सरसकट ‘विचार करणं’ म्हणत होते आणि ज्याचा तोरा मिरवत होते, त्या दोन निराळ्या गोष्टी होत्या. कामाचा विचार कुठूनतरी सुरू होतो आणि उत्तर सापडलं की संपतो. पहाटे तीनचा विचार उत्तर शोधतच नसतो. उत्तर दिलं तरी तो पहिल्यापासून सुरू होतो. आणखी एक. मॅनेजरचं नाव आठवलं की आधी पोटात गोळा यायचा आणि मग वाक्यं सुरू व्हायची. मी इतकी वर्षं वाक्यांशी भांडत होते.

शिबिरातलं सगळंच मला पटलं असं नाही. ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंका गुरुजींच्या संध्याकाळच्या रेकॉर्ड केलेल्या प्रवचनांत मागच्या-पुढच्या जन्मांचा विषय आला की मी तो बाजूला ठेवायचे, आजही ठेवते. पण त्यांच्या गुरूंची हकिकत ऐकून मी चपापले. सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथले पहिले अकाउंटंट जनरल. सरकारी हिशेबखात्याच्या कचेरीतच ते आपल्या कारकुनांना ध्यानाला बसवत. 1955 साली त्यांच्याकडे अर्धशिशीने हैराण झालेला, मंडालेत जन्मलेला एक भारतीय व्यापारी आला, तो सत्यनारायण गोएंका. 1969 साली गोएंका ही विद्या घेऊन भारतात आले, आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत शिबिरं भरू लागली. म्हणजे ऑफिसातलं ध्यान हे काही एचएसआरच्या एचआरने काढलेलं खूळ नव्हे. ज्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त हसले होते, ती एका हिशेबाच्या कचेरीत फार आधीच चालू होती.

तरीही आपल्याला बरं वाटलं म्हणून वस्तू चांगली, हे टेस्टिंगवालीला शोभत नाही. म्हणून संशोधन वाचलं. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2010 साली 2250 माणसांना फोनवर अवचित गाठून विचारलं: आत्ता काय करताय, आणि मन तिथेच आहे का? जवळपास 47 टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि भलतीकडे असताना माणसं कमी सुखी होती. माझी जाऊबाई एकटीच नव्हती, हे वाचून बरं वाटलं. पण मला जास्त शिकवलं ते फसलेल्या चाचण्यांनी. 2014 साली माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी 47 चाचण्या एकत्र तपासल्या, माणसं 3515. चिंता, उदासी आणि दुखणं यांत ध्यानाने थोडा उतार पडतो, याला मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. एकाग्रता वाढते, झोप सुधारते, याला धड पुरावा नाही. व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ध्यान सरस आहे, यालाही नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर शाळकरी मुलांना माइंडफुलनेसचे धडे दिले, 2022 साली निकाल आला: नेहमीच्या तासांपेक्षा काही फरक नाही. उलट ज्यांना नैराश्याचे तीन किंवा जास्त झटके येऊन गेलेत, त्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण माइंडफुलनेसवर बेतलेल्या उपचाराने कमी होतं, हे टीझडेल आणि सहकाऱ्यांनी 2000 सालीच दाखवलं होतं.

अशी मोजदाद हा अमेरिकन शौक आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला लोणावळ्याला पाठवावं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं आणि नौली-उड्डियान या योगक्रिया करणाऱ्यांच्या पोटातले दाब मोजले, क्ष-किरणाने फोटो काढले. योगाला तपासून घेतलं तर योगाचा अपमान होतो, असं त्यांना वाटलं नाही.

एचएसआरमध्ये ध्यान विकलं जातं ते नेमकं एकाग्रतेच्या आणि झोपेच्या नावावर, जिथे पुरावा सर्वांत कच्चा आहे. माझी झोप थोडी सुधारली. पण ती ध्यानाने, की त्याच सुमारास मी रात्री नऊनंतर मेल बघणं सोडलं त्याने, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर निकालाचं श्रेय कुणाला द्यायचं नसतं, हे आमच्याकडे नव्या पोरांनाही शिकवतात. ध्यानाने मला शांत केलं नाही. घरात विचारा. डोक्यात दोन निराळी कामं चालू आहेत आणि त्यातलं एक बिनकामाचं आहे, एवढं मात्र मला बसल्यावाचून कळलं नसतं. नुसतं वाचून कळत असतं तर कधीच कळलं असतं.

बुधवारी मी जाते, मागे बसते. आवाज अजून तितकाच मऊ आहे. एचआरला मी सुचवलंय की निमंत्रणात दोन ओळी घाला: एक, या सत्राने कामाचा बोजा कमी होत नाही, त्याबद्दल आपल्या मॅनेजरशी बोलावं. दोन, ज्यांची झोप-भूक बरेच दिवस गेली आहे किंवा जगणं नकोसं वाटतंय, त्यांनी डोळे मिटून एकटं बसण्याआधी डॉक्टरांना गाठावं, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. निमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, इथून होसूर रोडने सरळ आहे. त्या ओळी निमंत्रणात अजून आलेल्या नाहीत. तोवर वाचकांसाठी इथे देते: टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416. चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.