खुनी कोण, हा नंतरचा प्रश्न

एकच खून झाला असेल तर पोलीस मृताच्या घरापासून सुरुवात करतात. जमीन, पैसा, भाऊबंदकी, प्रेमप्रकरण. मृत अनेक असले की ही वाट पुरत नाही. या माणसांना एकत्र जोडणारं काय, ते शोधावं लागतं. अशी कादंबरी लिहायला बसणाऱ्याने खुन्याच्या आधी हा धागा पक्का केलेला असायला हवा. तो कच्चा राहिला, तर पाठलाग, गोळीबार आणि शेवटच्या पानावरची कलाटणी मिळूनही कादंबरी तरत नाही.

स्वीडनमधल्या माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याला हे पुरतं उमगलं होतं. मुलं झोपली की दोघं रात्री लिहायला बसत आणि प्रकरणं आपसात वाटून घेत. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. १९६८ची ‘द लाफिंग पोलिसमन’ त्यातली चौथी. तिच्या इंग्रजी अनुवादाला १९७१चा एडगर पुरस्कार मिळाला.

कादंबरीचा काळ नोव्हेंबर १९६७. स्टॉकहोममध्ये पाऊस पडतोय, व्हिएतनाम युद्धाविरुद्धची निदर्शनं आवरण्यात शहरातले पोलीस गुंतलेत. त्याच रात्री एका डबलडेकर बसमध्ये कुणीतरी सबमशीनगन चालवतं आणि नऊ जण बळी पडतात. सर्वांत आधी पोचलेले दोन शिपाई आत-बाहेर करून बरेचसे पुरावे तुडवून टाकतात. मृतांमध्ये बेकच्याच पथकातला तरुण स्टेनस्ट्रम असतो. ड्यूटी नसताना, जवळ पिस्तूल बाळगून तो त्या बसमध्ये काय करत होता?

नऊ जणांमध्ये समान काय, तर फक्त ती बस. मग पथक एकेका मृताच्या आयुष्यात शिरतं. एकाची तर ओळखच पटत नाही. आठवडे जातात, हाती काही लागत नाही, आणि लेखक हा कंटाळा लपवत नाहीत. ते धाडसाचंच काम आहे. पोलिसांचा वेळ फुकट जाताना दिसला, तरच पुढचा छोटासा दुवा खरा वाटतो.

तो दुवा येतो साध्या संभाषणातून. स्टेनस्ट्रमची प्रेयसी ओसा सांगते, की शेवटचे काही आठवडे तो रात्रंदिवस कामात बुडालेला होता. ऐकणाऱ्या सहकाऱ्यांना मात्र ठाऊक असतं, की त्या दिवसांत पथकाकडे फारसं कामच नव्हतं. कुणी पुरावा शोधून काढत नाही, कुणी कबुली देत नाही. दोन खऱ्या गोष्टी शेजारी आल्या की तपासाची दिशा फिरते. पुढचं इथे सांगणं वाचकावर अन्याय होईल.

प्रत्यक्षात असा धागा नेहमी सापडतोच असं नाही. १९६८मध्ये मुंबईत पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी ज्याच्या मागावर होते त्या रमण राघवचे बळी म्हणजे झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेली माणसं. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. असं वास्तव कादंबरीत आणायचं, तर गूढ मृतांच्या नात्यातून काढून पोलिसांच्या कामात ठेवावं लागतं: कोणत्या ठाण्याची कुठली माहिती दुसऱ्या ठाण्यापर्यंत कधी पोचली, कुणाच्या नजरेने कुणाला हेरलं.

मराठी रहस्यकथेने मात्र एकट्या नायकावर जीव टाकला. बाबुराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार, काळा पहाड यांनी पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. हे ऋण मोठं आहे. पण ठाण्यात बसून चार माणसांनी मिळून केलेला तपास, त्यातली वैतागलेली रात्र, चुकलेली नोंद, हे सगळं आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर ‘माफीचा साक्षीदार’ चित्रपट निघाला. त्या तपासात मोठ्या कादंबरीला पुरेल इतका ऐवज आहे.

ज्यांना ती लिहायची असेल त्यांनी बेकची ही कादंबरी दोनदा वाचावी. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घ्यावी, आणि ओसा बोलू लागेपर्यंत लेखकांनी कुठली गोष्ट कधी वाचकाच्या हवाली केली, त्यावर खुणा कराव्यात.